एका डॉलरचा कुत्रा

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात मॉरिसटाउन नावाचे एक गाव आहे. तेथील 'द सीइंग आय' ही संस्था अंध व्यक्तींना वाट दाखवणारे कुत्रे शिकवून तयार करते. पहिला कुत्रा न्यायला आलेल्या माणसाकडून ही संस्था १५० डॉलर घेते. परंतु तो माणूस सैन्यात नोकरी केलेला असेल, तर त्याने फक्त १ डॉलर द्यायचा असतो. एक डॉलर म्हणजे आपले ऐंशी-नव्वद रुपये. एवढ्यात आपल्याकडे कुत्र्याच्या गळ्याचा चांगला पट्टासुद्धा येणार नाही!

आता दुसरा आकडा पाहा. असा एक कुत्रा जन्माला घालून, वाढवून, शिकवून माजी सैनिकाच्या हाती देईपर्यंत ५०,००० डॉलर किंवा त्याहूनही अधिक खर्च येतो, असे अमेरिकेतील अशा अनेक संस्था सांगतात. म्हणजे चाळीस लाख रुपयांहून जास्त.

एक डॉलर आला आणि पन्नास हजार गेले. मग उरलेले ४९,९९९ डॉलर कुठे गेले आणि ते आले कुठून?

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने कुत्र्यांच्या जमाखर्चात का पडावे, असे तुम्हांला वाटेल. पण वर्गात आम्ही रोज हेच तर करतो. यंत्राला किती ऊर्जा दिली, कामाच्या रूपाने किती मिळाली आणि बाकीची कुठे गेली, हा हिशेब लावल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. ऊर्जा नाहीशी होत नाही, तसा पैसाही हवेत विरत नाही. चला तर, या कुत्र्याचा हिशेब लावू.

युद्धातून आलेली गरज

ही गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धात. तोफगोळे आणि विषारी वायू यांमुळे हजारो सैनिकांची दृष्टी गेली. जर्मनीतील ओल्डेनबुर्ग या शहरी १९१६ साली डॉ. गेरहार्ट श्टालिंग यांनी अशा सैनिकांसाठी वाटाड्या कुत्र्यांची शाळा काढली. युद्ध संपल्यावर पॉट्सडॅम येथेही अशी शाळा निघाली. डोरोथी युस्टिस नावाच्या एक अमेरिकन बाई त्या वेळी स्वित्झर्लंडमध्ये राहून कुत्र्यांची पैदास व शिक्षण यांचे प्रयोग करीत होत्या. त्यांनी पॉट्सडॅमची शाळा पाहिली आणि १९२७ साली एका अमेरिकन साप्ताहिकात तिच्यावर लेख लिहिला.

तो लेख मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला घरच्यांनी वाचून दाखवला. १९२८ साली तो स्वित्झर्लंडला गेला आणि 'बडी' नावाची अल्सेशियन कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कला उतरल्यावर वार्ताहरांच्या देखत त्याने बडीबरोबर तेथील एक अत्यंत वर्दळीचा रस्ता ओलांडून दाखवला. १९२९ साली 'द सीइंग आय' स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा अंध सैनिक घरी परतू लागले, तेव्हा १९४२ साली कॅलिफोर्नियातही अशी संस्था निघाली. युद्ध झाले की गरज वाढे आणि गरज वाढली की कुत्र्यांची शाळा निघे, असा हा इतिहास आहे.

मग तो एक डॉलर कशासाठी? कुत्रा कोणी भीक म्हणून दिलेला नाही, मी तो किंमत मोजून आणला आहे, असे नेणाऱ्याला ताठ मानेने म्हणता यावे, एवढ्यासाठी. त्या डॉलरचा संबंध खर्चाशी नाही, स्वाभिमानाशी आहे.

दोरी आणि दांडी

वाटाड्या कुत्र्याचे चित्र तुम्ही पाहिले असेल. त्याच्या अंगावरच्या पट्ट्याला एक ताठ मूठ जोडलेली असते आणि अंध माणूस ती मूठ धरून चालतो. नेहमीची साखळी किंवा दोरी का चालत नाही?

याचे उत्तर तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे. दोरीतून फक्त ताण जातो. दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. कुत्रा थांबला की दोरी सैल पडते आणि माणसाला काहीच कळत नाही. ताठ दांडीतून मात्र ओढ, ढकल आणि पीळ ही तिन्ही हातापर्यंत पोचतात. कुत्रा डावीकडे वळला की मूठ वळते. त्याने पुढचे पाय पायरीवर ठेवले की मूठ वर उचलली जाते. तो थांबला की मूठ हाताला अडवते. माणूस हाताने जणू रस्ता वाचत जातो.

हात किंवा पाय गमावलेल्या सैनिकांसाठी शिकवलेले कुत्रे वेगळी कामे करतात. पडलेली किल्ली उचलून देणे, दिव्याचे बटण नाकाने दाबणे, दाराला बांधलेली दोरी तोंडात धरून दार उघडणे ही त्यांतली काही. ही दोरी नेहमी दाराच्या मुठीला, म्हणजे बिजागरीपासून सर्वांत दूर बांधतात. का? तरफेचा नियम आठवा. अंतर जितके जास्त, तितके बल कमी लागते. कुत्र्याला नियम ठाऊक नसतो, पण त्याच्या मानेला तो चांगलाच कळतो!

न दिसणारी जखम

काही जखमा डोळ्यांना दिसत नाहीत. लढाईत भयंकर प्रसंग पाहिलेला सैनिक घरी सुखरूप परततो. परंतु रात्री तोच प्रसंग स्वप्नात दिसून तो दचकून उठतो. फटाका वाजला की घाम फुटतो. दुकानाच्या रांगेत पाठीमागे कोणी उभे राहिले तरी त्याचा जीव घाबरा होतो. पहिल्या महायुद्धात डॉक्टर याला 'शेल शॉक' म्हणत. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी या विकाराला रोगांच्या अधिकृत यादीत स्थान दिले. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला पीटीएसडी म्हणतात. आपण त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणू. अफगाणिस्तान व इराक येथील युद्धांतून परतलेल्या अनेक अमेरिकन सैनिकांना हा विकार जडला आणि त्यांच्यासाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्था वाढत गेल्या. फ्लोरिडातील 'के-नाइन्स फॉर वॉरिअर्स' ही २०११ साली निघालेली संस्था त्यांपैकी एक. बेवारस कुत्र्यांच्या आश्रयगृहांतून निवडलेले कुत्रेही ती शिकवून तयार करते.

हा कुत्रा काय करतो? दुःस्वप्न पडून मालक तळमळू लागला की त्याला नाकाने ढोसून जागे करतो. गर्दीत मालकाच्या पाठीशी आडवा उभा राहून थोडी मोकळी जागा राखतो. मालक अस्वस्थ होऊ लागला की मांडीवर पंजा किंवा डोके ठेवून त्याचे लक्ष आपल्याकडे वळवतो.

अस्वस्थता कुत्र्याला कळते कशी? मालकाचा श्वास, हातापायांची चाळवाचाळव त्याला दिसते. पण त्याचे मोठे हत्यार म्हणजे नाक. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथील क्वीन्स विद्यापीठात केलेला एक गमतीदार प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. काही माणसांच्या घामाचे व श्वासाचे नमुने आधी स्वस्थ बसलेले असताना आणि मग अवघड तोंडी गणित करायला लावून घेतले. कोणता नमुना गणितानंतरचा, हे चार कुत्र्यांनी केवळ वासावरून ओळखायचे होते. सुमारे ९४ टक्के वेळा त्यांनी ते बरोबर ओळखले! तोंडी गणिताने घाम फुटतो, हे सिद्ध करायला तुम्हांला कुत्र्यांची गरज नाही. परंतु त्या घामाला वेगळा वास येतो, हे मात्र कुत्र्यांनीच दाखवले.

थेंबे थेंबे शिक्षण

कुत्र्याला वास येतो हे खरे, पण वास आला की मालकाला जागे करायचे, हे त्याला शिकवावे लागते. ते कसे?

रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांचे कुत्र्यांवरील प्रयोग तुम्ही वाचले असतील. एखाद्या खुणेमागून अन्न येते हे कुत्र्याला कळले की नुसत्या खुणेनेच त्याला लाळ सुटते. पुढे थॉर्नडाइक आणि स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की ज्या कृतीमागून काही चांगले मिळते ती कृती प्राणी पुन्हा पुन्हा करतो. शिक्षक या दोन्ही गोष्टींचा उपयोग करतो. तो पलंगावर पडून तळमळल्याचे सोंग करतो. कुत्रा कुतूहलाने जवळ आला की 'शाबास' म्हणून खाऊचा तुकडा देतो. दुसऱ्या दिवशी नुसते जवळ येऊन भागत नाही, नाक लावावे लागते. तिसऱ्या दिवशी जोराने ढोसावे लागते. एकेक पायरी अशी चढवत न्यायची.

खरी अडचण पुढेच आहे. शांत खोलीत शंभरदा बरोबर करणारा कुत्रा स्टेशनच्या गोंगाटात तेच काम विसरतो. माणसाला 'बस' या शब्दाचा अर्थ सगळीकडे सारखाच. कुत्र्याला मात्र 'या खोलीत बस' आणि 'बाजारात बस' हे जणू दोन वेगळे धडे वाटतात. म्हणून प्रत्येक धडा खोलीत, अंगणात, रस्त्यावर, दुकानात, उद्वाहनात, बसमध्ये पुन्हा द्यावा लागतो. शिवाय वाटाड्या कुत्र्याला आणखी एक अवघड गोष्ट शिकवतात. मालक 'पुढे चल' म्हणाला आणि समोरून मोटार येत असेल, तर आज्ञा मोडायची! केव्हा ऐकायचे आणि केव्हा ऐकायचे नाही हा विवेक अंगी बाणायला वेळ लागणारच.

या वेळेचा साधारण आराखडा असा असतो. सुमारे आठ आठवड्यांचे झाल्यावर पिल्लू एखाद्या कुटुंबात वाढायला जाते. ही माणसे बहुधा स्वयंसेवक असतात. त्यांना पगार नसतो. पिल्लाला माणसांची, वाहनांची, आवाजांची सवय लावणे हे त्यांचे काम. न्यूयॉर्क राज्यात १९९७ साली निघालेल्या एका संस्थेने तर पिल्ले वाढवण्याचे काम तुरुंगातील कैद्यांवर सोपवले आहे. सुमारे दीड वर्षाचा झाल्यावर कुत्रा संस्थेत परततो. तेथे पगारी शिक्षकाच्या हाताखाली काही महिने त्याचे खास शिक्षण होते. शेवटी माजी सैनिक संस्थेत येऊन राहतो आणि दोघे दोन-तीन आठवडे एकत्र शिकतात. म्हणजे जन्मापासून जवळजवळ दोन वर्षे झाली.

दहा पिल्लांचे गणित

आता खर्चाकडे वळू. 'एवढा पैसा कुत्र्याच्या खाण्यावर जात असेल,' असे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे. मोठ्या कुत्र्याला रोज सुमारे ४०० ग्रॅम कोरडे अन्न लागते असे धरले, तरी दोन वर्षांत ते ३०० किलोग्रॅमच्या आतच राहते. हा खर्च एकूण रकमेत अगदी लहान. पशुवैद्याचा खर्च त्याहून मोठा आणि शिकवणाऱ्या माणसांचा वेळ सर्वांत महाग. पण एक खर्च असा आहे की तो कोणाच्या सहज ध्यानात येत नाही. तो आहे नापास झालेल्या कुत्र्यांचा.

पिल्ले सगळीच काही या कामाला लायक निघत नाहीत. कोणाचे सांधे अधू निघतात, कोणी आवाजाला घाबरते, कोणी मांजर दिसले की सगळे शिक्षण विसरते. संस्थेगणिक प्रमाण बदलते, पण निम्म्याच्या आसपास कुत्री गळणे हे या क्षेत्रात नवल नव्हे.

वही घ्या आणि माझ्याबरोबर गणित करा. पुढचे आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून मी धरलेले आहेत. ते कोणत्याही संस्थेच्या जमाखर्चातले नाहीत.

समजा, १० पिल्लांपासून सुरुवात केली.

पहिला टप्पा, वाढवणे: दर पिल्लामागे १०,००० डॉलर. दहांचे १,००,००० डॉलर. टप्प्याच्या शेवटी ३ कुत्रे गळले, ७ उरले.

दुसरा टप्पा, खास शिक्षण: दर कुत्र्यामागे २०,००० डॉलर. सातांचे १,४०,००० डॉलर. टप्प्याच्या शेवटी आणखी २ गळले, ५ उरले.

तिसरा टप्पा, सैनिकाबरोबर शिक्षण: दर जोडीमागे ५,००० डॉलर. पाचांचे २५,००० डॉलर.

एकूण खर्च २,६५,००० डॉलर. कामाचे कुत्रे ५. म्हणून दर कुत्र्यामागे ५३,००० डॉलर.

आता नीट पाहा. जो कुत्रा पास झाला, त्याच्या स्वतःवर झालेला खर्च १०,००० अधिक २०,००० अधिक ५,००० म्हणजे ३५,००० डॉलर एवढाच आहे. उरलेले १८,००० डॉलर त्याच्या नापास भावंडांचे आहेत! यंत्राच्या घर्षणात ऊर्जा खर्ची पडावी, तसे हे पैसे गळतीत खर्ची पडले.

(हे नापास कुत्रे वाया जात नाहीत बरे! त्यांपैकी काही पोलिसांकडे वास ओळखण्याच्या कामाला जातात आणि बाकीचे एखाद्या घरी लाडके होऊन राहतात. परंतु सैनिकाच्या हिशेबात ते धरता येत नाहीत.)

आता एक बदल करू. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी जे २ कुत्रे गळले, त्यांचे लक्षण आपल्याला पहिल्या टप्प्याच्या शेवटीच ओळखता आले असते तर? त्यांच्या शिक्षणाचे ४०,००० डॉलर वाचले असते. एकूण खर्च २,२५,००० डॉलर आणि दर कुत्र्यामागे ४५,००० डॉलर. अन्न कमी केले नाही, शिक्षकाचा पगार कापला नाही, तरी दर कुत्र्यामागे ८,००० डॉलर वाचले. कशामुळे? केवळ एक गोष्ट थोडी लवकर कळल्यामुळे.

विज्ञान येथेच उपयोगी पडते. कळणे जितके लवकर, तितके ते स्वस्त.

लवकर कसे कळावे?

एक वाट आनुवंशिकतेची. मोठ्या जातींच्या कुत्र्यांत मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत नीट न बसण्याचा दोष आढळतो. असा कुत्रा पुढे लंगडतो आणि त्याचे शिक्षण फुकट जाते. 'द सीइंग आय' संस्थेने क्ष-किरण चित्रे काढून, प्रत्येक कुत्र्याच्या नात्यातील कुत्र्यांचीही नोंद ठेवून, चांगल्या सांध्यांचे आईबाप निवडले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे पाच पिढ्यांच्या आतच अल्सेशियन कुत्र्यांतील हा दोष ५५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आणि लॅब्राडोर कुत्र्यांतील ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आला. मेंडेलच्या वाटाण्यांची शिस्त येथे सैनिकाच्या कामी आली!

दुसरी वाट निरीक्षणाची. याच संस्थेत जन्मलेल्या ९८ पिल्लांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पिल्ले अगदी तान्ही असताना त्यांच्या आया त्यांच्याशी कशा वागतात याची नोंद शास्त्रज्ञांनी ठेवली आणि मोठेपणी कोणते पिल्लू पास झाले ते पाहिले. काही आया आडव्या पडून पिल्लांना पाजतात. पिल्लांना काही कष्टच नाहीत. काही आया बसून किंवा उभ्या राहून पाजतात, म्हणजे पिल्लांना धडपडून वर पोचावे लागते. सतत चाटून-पुसून लाड करणाऱ्या आयांची पिल्ले पुढे नापास होण्याचा संभव अधिक दिसला. धडपडणारी पिल्ले पास होण्याचा संभव अधिक दिसला. हे वाचून शिक्षकांना आनंद होईल आणि आयांना राग येईल. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे नव्हे, आणि कुत्र्यांचे निष्कर्ष माणसांना लावू नयेत, हेही ध्यानात ठेवा.

खरेच उपयोग होतो का?

आता सर्वांत अवघड प्रश्न. एवढा पैसा खर्चून सैनिकाला बरे वाटते का? अंध माणूस रस्ता ओलांडतो, ते डोळ्यांना दिसते. मनाचा ताण हलका झाला हे कसे मोजायचे? आणि हलका झालाच, तर तो शिक्षणामुळे की नुसत्या कुत्र्याच्या सोबतीमुळे? सोबतच पुरेशी असेल, तर घरच्या साध्या कुत्र्यानेही भागेल.

अमेरिकन सरकारच्या माजी सैनिक खात्याने हाच प्रश्न प्रयोगाने सोडवायचे ठरवले. २०११ साली काम सुरू झाले. पण काही कुत्रे लहान मुलांना चावले, काहींची प्रकृती बरी नव्हती, म्हणून २०१२ साली ते थांबले. २०१४ साली अधिक कडक नियम करून पुन्हा आरंभ झाला. दोनशेहून अधिक माजी सैनिकांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एका गटाला खास शिकवलेले कुत्रे आणि दुसऱ्याला केवळ सोबतीचे, साधी शिस्त असलेले कुत्रे. निकाल २०२१ साली जाहीर झाला. विकाराची लक्षणे दोन्ही गटांत कमी झाली. शिकवलेल्या कुत्र्यांच्या गटात ती थोडी अधिक कमी झाली. परंतु रोजचे व्यवहार किती नीट पार पडतात, जीवन किती सुखाचे वाटते, या मापांत दोन गटांत विशेष फरक आढळला नाही.

२०२४ साली दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. यात १५६ माजी सैनिक होते. काहींना शिकवलेले कुत्रे मिळाले होते, बाकीचे नेहमीचे औषधोपचार घेत कुत्र्याच्या प्रतीक्षायादीवर होते. तीन महिन्यांनी कुत्रा मिळालेल्यांची लक्षणे बरीच सौम्य आढळली.

हे दोन निकाल परस्परविरोधी आहेत का? नाहीत. पहिल्या अभ्यासात शिकवलेल्या कुत्र्याची तुलना साध्या कुत्र्याशी होती. दुसऱ्यात कुत्रा असण्याची तुलना कुत्रा नसण्याशी होती. शिवाय दुसऱ्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. कोणी 'अमुक उपाय गुणकारी आहे' असे म्हणाले, की पहिला प्रश्न विचारा: कशाच्या तुलनेत? हा एक प्रश्न तुम्हांला जन्मभर पुरेल.

मला स्वतःला यातून असे दिसते: कुत्र्याची मदत होते याबद्दल फारशी शंका उरलेली नाही. खास शिक्षणाचा मनाच्या विकारात किती जास्तीचा लाभ होतो, याचा हिशेब मात्र अजून पुरा व्हायचा आहे. तो पुरा करणे ही सैनिकांशीच असलेली बांधिलकी आहे. कारण यादीवर थांबलेल्या माणसाच्या बाजूने पाहा. पैसा मर्यादित आहे. एक कुत्रा ५३,००० डॉलरचा असेल, तर दहा लाखांत अठरा सैनिकांना कुत्रा मिळेल. ४५,००० डॉलरचा असेल, तर बावीस जणांना. ते चार सैनिक आमच्या वहीत भागाकारातले आकडे आहेत, पण प्रत्यक्षात रात्री दिवा लावून जागे बसणारी माणसे आहेत.

तो पैसा येतो कुठून?

आता पहिल्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग. ४९,९९९ डॉलर आले कुठून? बहुतेक पैसा लोकांच्या देणग्यांतून. कोणी दहा डॉलर देतो, कोणी मृत्युपत्रात संस्थेच्या नावे घर ठेवून जातो. माजी सैनिक खाते स्वतः कुत्रा विकत घेऊन देत नाही. ज्या सैनिकाला मान्यताप्राप्त संस्थेकडून कुत्रा मिळाला आहे आणि जो खात्याच्या नियमांत बसतो, त्याच्या कुत्र्याच्या वैद्यकीय खर्चाची तजवीज ते करते. रोजचे खाणे सैनिकाने स्वतः पाहायचे. आणि ज्या वेळेची किंमत कोणत्याच जमाखर्चात लिहिलेली नसते तो वेळ देतात पिल्ले वाढवणारी कुटुंबे. दीड वर्ष जीव लावून वाढवलेले पिल्लू ती एके दिवशी परत करतात. त्या दिवशी घरातली मुले रडत असतील, यात नवल नाही.

असा कुत्रा साधारण आठ वर्षे काम करतो. ५०,००० डॉलरना आठ वर्षांच्या २,९२० दिवसांनी भागा. दिवसाला सुमारे १७ डॉलर येतात. हा आकडा आता मघासारखा डोळे दिपवणारा वाटत नाही. पण आठ वर्षांनी कुत्रा म्हातारा होतो आणि सैनिकाला पुन्हा यादीत नाव घालावे लागते, हेही याच भागाकारात दडलेले आहे.

२०२१ साली अमेरिकेत एक नवा कायदा झाला. त्यानुसार पुढील वर्षी काही सरकारी रुग्णालयांत पाच वर्षांचा एक प्रयोग सुरू झाला. यात आघातोत्तर ताणविकार असलेले माजी सैनिक स्वतःच कुत्र्यांना शिकवतात. शिकवताना आवाज शांत ठेवावा लागतो, कारण चिडलेल्या माणसाकडून कुत्रा शिकत नाही. धीर धरावा लागतो. बाजारात जावे लागते, कारण धडा बाजारातही द्यायचा असतो. शिकवून तयार झालेला कुत्रा दुसऱ्याच्या उपयोगी पडावा आणि शिकवता शिकवता शिकवणाऱ्याचाही ताण हलका व्हावा, अशी यामागची कल्पना आहे. एकाच खर्चात दोन कामे! प्रयोगाचा निकाल काय लागतो ते मोजमापच सांगेल. आम्हां शिक्षकांना मात्र त्यातली एक गोष्ट आधीपासून ठाऊक आहे: शिकवणारा नेहमीच शिकणाऱ्याहून थोडे अधिक शिकतो.

करून पाहा

घरी पाळलेला, लस टोचलेला, ओळखीचा कुत्रा असेल तरच हा प्रयोग करा. रस्त्यावरच्या किंवा अनोळखी कुत्र्यावर करू नका.

तळहात कुत्र्यापुढे धरा. त्याने नाक लावले की लगेच 'शाबास' म्हणा आणि शेंगदाण्याएवढा भाकरीचा तुकडा द्या. रोज दहा वेळा हात धरा आणि किती वेळा नाक लावले ते वहीत लिहा. दिवस आडव्या अक्षावर आणि यशाची संख्या उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. सलग तीन दिवस दहांपैकी नऊ वेळा जमले की जागा बदला. आधी अंगण, मग फाटकाजवळ. जागा बदलल्या दिवशी आलेख खाली येतो का? पुन्हा वर जायला किती दिवस लागतात? ओरडू नका, मारू नका. ज्या दिवशी तुम्ही चिडलेले असाल, त्या दिवसाच्या आकड्यापुढे खूण करा आणि शेवटी त्या खुणांचे आकडे वेगळे काढून पाहा.

कुत्रा नसेल तर गणित करा. वरच्या उदाहरणात पाचही नापास कुत्रे पहिल्या टप्प्याच्या आधीच ओळखता आले आणि म्हणून पाचच पिल्ले वाढवली, तर दर कुत्र्यामागे खर्च किती? आणि दहा लाख डॉलरमध्ये किती सैनिकांना कुत्रा मिळेल?

(उत्तर: ३५,००० डॉलर, २८ सैनिक.)